जोर ‘मॉल’वर

मी एक शब्द आहे. इंग्रजीतला, लांबलचक, भल्याभल्यांची बोबडी वळवणारा. ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट. अर्थ विचाराल तर डोळ्यांचा डॉक्टर, एवढाच. पण सरळ वागणं माझ्या रक्तातच नाही.

शिवणकाम करणाऱ्या एका आईच्या घरी मी तिच्या लेकीबरोबर आलो. लेक शिकून डोळ्यांची डॉक्टर झाली होती. तिच्या सत्कारात आईने चार शब्द बोलायचे होते आणि त्यांत मी हवाच, असा आईचा हट्ट होता.

लेकीने मला कागदावर लिहिलं. आईने कात्री घेऊन माझे पाच तुकडे केले. ऑफ्, थॅल्, मॉल्, ऑ, जिस्ट. मी जीव मुठीत धरून होतो, पण तिचा हात सराईत होता.

“ऑफ्थॅल्म म्हणजे डोळा,” लेक म्हणाली. “पुढचं सगळं म्हणजे त्याचं शास्त्र जाणणारा.”

“मग हा ‘म’ मी चुकीचा कापला. तो डोळ्याकडचा ना?”

“अर्थाने डोळ्याकडचा. बोलताना मात्र पुढच्या घरी जातो.”

“लेकीसारखाच की मग,” आई म्हणाली. दोघी खूप हसल्या. त्या घरात मला फार बरं वाटायचं.

जोर तिसऱ्या तुकड्यावर द्यायचा, हे आईने मशीन चालवताना घोकून घोकून पाठ केलं.

सत्काराला ती उभी राहिली. “माझी मुलगी ऑफ्थॅल्...” ती अडखळली. मग धीर करून तिने सगळा जोर लावला, “मॉल”, आणि श्वास घ्यायला थांबली.

“मॉलमध्ये लागली वाटतं,” मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. लेकीचा चेहरा उतरला. तिने आईचा हात खाली ओढला.

“आई, डोळ्यांची डॉक्टर म्हण आणि बस ना.”

आई बसली. माझे शेवटचे दोन तुकडे तिच्या तोंडातच राहिले. मी जरा आखूड असतो तर, असं मला तेव्हापासून वाटत आलंय.

परवा लेक सुट्टीला आली होती. चहा पिता पिता म्हणाली, “आई, तो शब्द म्हण ना एकदा. कुणी नाहीये इथे.”

“कशाला? डोळ्यांची डॉक्टर म्हटलं की कळतं सगळ्यांना.”

लेक कप विसळायला उठली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

आईने दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं. त्या ओठांमागे मी होतो, अख्खा, जोर अगदी जागच्या जागी. मला कुणी अडखळत म्हटलं तर हसू नका हो. तिने सुई ओवली आणि मशीन सुरू केलं.