सहा एकोणपन्नासची शुभेच्छा

घड्याळकाकांना चर्चच्या मंडळीत कुणी नावानं हाक मारत नसे. घड्याळदुरुस्तीचं दुकान, चाळीस वर्षं डोळ्याला भिंग, आणि स्वभाव असा की पाळकसाहेबांचा उपदेश तीन मिनिटं लांबला तरी पहिल्या बाकावरून खोकला ऐकू यायचा. मंडळीचा ऑनलाइन ग्रुप निघाला तेव्हा त्याचा कारभार काकांकडे गेला, यात नवल नव्हतं. जोडीला पाववाल्या काकू होत्या. बेकरी सांभाळून त्या ग्रुपमध्ये नवी माणसं घ्यायच्या आणि काकांनी दुखावलेल्या जुन्यांची समजूत काढायच्या. दुसरं काम पहिल्यापेक्षा मोठं होतं.

नाताळ आला की ग्रुपचा बाजार व्हायचा. लुकलुकणारे तारे, हलणाऱ्या मेणबत्त्या, तीच ती मेंढरं. एकच देवदूत एका सकाळी एकोणीस घरांतून उडत आला होता. या गर्दीत एका आजारी बाईची प्रार्थनेची विनंती वाहून गेली, कुणी वाचलीच नाही, तेव्हा काकांनी नियम केला. नाताळच्या सकाळी सातपासून प्रत्येक घराला दोन मिनिटं. क्रम चिठ्ठ्या टाकून. एका घराची एकच शुभेच्छा, आवाजी असेल तर मिनिटभराची. वेळ चुकली की शुभेच्छा पुसली जाणार. लोक हसले, कुरकुरले आणि मुकाट रांगेला लागले. खरं सांगायचं तर त्यांनाही बरं वाटलं, कारण आता एकमेकांच्या शुभेच्छा निदान ऐकल्या जात होत्या.

त्या वर्षी नाताळ बुधवारी आला. काका अंघोळ उरकून, चहाचा कप डावीकडे आणि क्रमाचा कागद उजवीकडे ठेवून टेबलाशी बसले होते. सहा एकोणपन्नासला ग्रुपवर एक आवाजी संदेश येऊन पडला. नाव नाही, नुसता नंबर. लांबी दोन मिनिटं सतरा सेकंद. म्हणजे अकरा मिनिटं आधी, आणि वर दुपटीहून लांब. काकांनी तो ऐकला नाही. सगळ्यांच्या फोनवरून पुसून टाकला आणि खाली लिहिलं, ‘वेळेआधी शुभेच्छा पाठवू नयेत. नियम सर्वांना सारखे.’ चार मिनिटांनी तो नंबर ग्रुप सोडून गेला. झोंबल्या मिरच्या नाकाला, काका मनात म्हणाले, आणि गार होत आलेला चहा संपवला.

पुढचे दोन तास सगळं सुरळीत पार पडलं. फक्त पाववाल्या काकूंनी आपल्या वेळेला काहीच पाठवलं नाही, आणि उपासनेनंतर समोर येऊनही त्या काकांकडे न बघता निघून गेल्या. सणाची भट्टी, दमल्या असतील, असं काकांनी धरलं.

रविवारी काकू चर्चच्या पायऱ्यांवर काकांची वाट अडवून उभ्या राहिल्या.

“एवढा राग बरा नव्हे, भाऊ,” काकू म्हणाल्या. “नऊ वर्षं झाली. सख्ख्या बहिणीचा आवाज ऐकून पुसून टाकलात?”

“कुणाचा आवाज?”

“ताईचा. आमचं बोलणं असतं अजून. मीच तिला आदल्या दिवशी ग्रुपमध्ये घेतलं होतं. म्हटलं, सणाच्या दिवशी भावाला अचानक ऐकू दे.” काकांचा चेहरा बघून काकूंचा आवाज उतरला. “म्हणजे तुम्ही ऐकलंच नाहीत?”

“नाही,” काका म्हणाले. काकू पायरीवर बसल्या.

नऊ वर्षांपूर्वी वडिलांचा दफनविधी चार वाजता ठरला होता. ताई दूर राहायची. गाडी रखडलीय, थोडं थांबा, असा तिचा निरोप आला होता. पाळकसाहेब थांबायला तयार होते. काका म्हणाले, वडिलांनी आयुष्यात कुणाला ताटकळत ठेवलं नाही, आजही नको. ताई चार चाळीसला पोचली तेव्हा माती ओढून झाली होती. ती रडली नाही. “तुझं घड्याळ तुला लखलाभ,” एवढंच म्हणाली, आणि आल्या पावली परत गेली. त्यानंतर दोघांत एक शब्द नाही. आपण बरोबर होतो, असं काका नऊ वर्षं स्वतःला सांगत आले होते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसली गत.

“शुक्रवारी तिचं ऑपरेशन झालं,” काकू म्हणाल्या. “गळ्यात गाठ होती. स्वरयंत्रच काढलं. आता ती बोलणार नाही, भाऊ. त्याआधी तुमच्याशी बोलायचं होतं तिला. म्हटलं, सरळ फोन लाव. तर म्हणाली, तो घड्याळाकडे बघत ऐकेल, माझी जीभ अडखळेल. सगळ्यांच्या शुभेच्छांत माझी एक जाईल, ते बरं.”

“बुधवारीच का नाही बोललात मला? मध्ये दोन दिवस होते.”

“मला वाटलं, ऐकून पुसलंत. तुमचं तोंड बघायची इच्छा राहिली नव्हती.” काकूंनी पदरानं डोळे टिपले. “माझंही चुकलं. वेळेचा नियम तिला सांगायचा राहिलाच.”

“काय म्हणत होती?”

“मी भट्टीतून पाव काढत होते, अर्धंच ऐकलं. तुमचे वडील नाताळला दारात उभं राहून आशीर्वाद द्यायचे ना, तो त्यांच्यासारखाच म्हणाली. मग म्हणाली, ‘टिकटिक, आता नीट ऐक.’ तेवढ्यात पाव करपायला लागले. म्हटलं, उरलेलं सावकाश ऐकू.”

टिकटिक. वडिलांचं खिशातलं घड्याळ कानाशी धरल्याशिवाय न झोपणाऱ्या धाकट्या भावाला ताईनं दिलेलं नाव. ते म्हणणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

काका तिथून थेट दुकानाशेजारच्या मोबाइलवाल्याकडे गेले. रविवार असूनही त्यानं दार उघडलं, फोन हातात घेतला आणि दोन मिनिटांत परत दिला. “सगळ्यांसाठी पुसलंत म्हणजे गेलं, काका. पाठवणाऱ्याकडूनही गेलं.” काकांनी आयुष्यभर बंद पडलेली घड्याळं चालू केली होती. पाण्यात पडलेली, गाडीखाली आलेली. या दोन मिनिटं सतरा सेकंदांना मात्र कुठूनच हात घालता येत नव्हता. ‘आता नीट ऐक’ याच्यापुढे ती काय म्हणाली असेल? माफ केलं म्हणाली असेल, की कधीच करणार नाही म्हणाली असेल? शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तिच्याच आवाजात मिळाल्या असत्या.

पुढच्या नाताळापासून वेळेचा नियम बंद, असं त्यांनी त्याच दिवशी ग्रुपवर लिहिलं. बैल गेला नि झोपा केला, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

ताई घरी येईपर्यंत थांबा, असं काकू म्हणाल्या म्हणून ते पंधरा दिवस थांबले. तेवढ्यात काय बोलायचं ते त्यांनी कागदावर लिहून काढलं. सवयीनं वाचून बघितलं, तर बरोबर मिनिटभराचं भरलं. त्यांना स्वतःची किळस आली. कागद फाडून त्यांनी नंबर लावला.

फोन उचलला गेला. पलीकडे शब्द नव्हता, फक्त जड, खरखरता श्वास.

“ताई, मी. टिकटिक.”

श्वास थांबला आणि पुन्हा सुरू झाला. काका बोलू लागले. न ऐकता पुसल्याचं सांगितलं. त्या दिवशी चार वाजता थांबायला हवं होतं, हे सांगितलं. माती ओढताना रस्त्याकडे बघायचं त्यांनी मुद्दाम टाळलं होतं, हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. मध्येच जीभ अडखळली, पण पलीकडचा श्वास कुठे गेला नाही. शेवटी वडिलांचा आशीर्वाद म्हणायला गेले, तर तो त्यांना धड आठवेना. ताईला पाठ होता.

फोन ठेवला तेव्हा सव्वीस मिनिटं झाली होती. काका हातातल्या फोनकडे बघत बसले. थोड्या वेळानं ताईचा संदेश आला, सावकाश टाइप केलेला.

‘शेवटपर्यंत ऐकलं.’