पाहुण्यांचे पाय ओले होऊ नयेत म्हणून

ओढ्यावर पूल हवा की नको, हे ठरवायला साहेब येणार होते. गाव ओढ्याच्या अलीकडे, शाळा पलीकडे. शिवणवालीला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. तिने मशीनवर बाही उलटी जोडली, उसवली आणि पुन्हा उलटीच जोडली. नवऱ्याने निर्वाणीचं सांगितलं होतं: पूल होणार असेल तर ठीक, नाहीतर पावसाळ्यापासून पोरगी घरी. गेल्या वर्षी पोरगी वाहून जाता जाता वाचली होती, त्यामुळे त्याला खोटं पाडायची सोय नव्हती.

पण गाव पडलं अगत्याचं. पाहुण्याचे पाय भिजले तर अब्रू काय राहिली, असं पुढाऱ्याचं मत पडलं. मग सुताराने कुणाच्या तरी दारासाठी रंधा मारून ठेवलेल्या फळ्या ओढ्यावर टाकल्या, धरायला दोरही बांधला. अहो, अडचण दाखवायलाच बोलावलंय ना त्यांना, असं शिवणवालीने विचारून पाहिलं.

"वहिनी," पुढारी म्हणाला, "अडचण सांगायची असते. पाहुण्याला तीत उतरवायचं नसतं."

साहेब बुटांसकट टकटक पलीकडे गेले. शाळा पाहिली, चहा घेतला आणि जाण्यायेण्याची सोय उत्तम असल्याचं सांगून टाकलं. पुढारी धन्य होऊन हसला. आपण कशाला हसतोय हे ध्यानात आल्यावरही हसू आवरायला त्याला वेळ लागला.

बातमी अलीकडे पोचायला एक हाक पुरली. शिवणवाली ताडकन उठली.

"भाऊजी, फळ्या काढून घ्या. भिजून फुगतील."

सुतार त्याच काळजीत होता. त्याने लगेच काढल्या, दोरही गुंडाळला.

शाळा सुटली. साहेब काठावर आले तेव्हा जीप समोर दिसत होती आणि मध्ये नुसतं पाणी होतं. त्यांनी ओरडून फळ्या मागितल्या. सुतार जेवायला गेल्याचं शिवणवालीने अदबीने कळवलं. पोरं दप्तरं डोक्यावर घेऊन सवयीने पाण्यात उतरली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, जीप पाहिली, शेवटी मोजे काढले.

"पाणी किती आहे गं?" त्यांनी शिवणवालीच्या पोरीला विचारलं.

"आज गुडघ्याएवढंच. तुम्ही येणार म्हणून वरच्या बंधाऱ्यात पाणी अडवलंय ना. एरवी कमरेच्या वर असतं."

साहेब बूट गळ्यात अडकवून, पोरीचा हात धरून आले. पोरगी टुणकन काठावर चढली. साहेबांचा पाय चिखलात रुतला. वर शिवणवाली उभी होती.

"मग साहेब, काय ठरलं?"

"आधी हात द्या."

"देते की," ती म्हणाली, आणि दिला नाही.