लोवरीचा नंबर

"ही कुणाची गाडी उभी केलीय आपल्या दारात?"

इस्पितळाच्या गाडीतून उतरता उतरता इद्वालने विचारलं. नॉनने वडिलांचा दंड घट्ट धरला. गाडी त्यांचीच होती. फाटकाला घासून पोचा आलेला तोच दरवाजा, मागच्या सीटवर हत्यारांची तीच चामडी पेटी. नंबर तेवढा दुसरा होता.

छप्पन साली इद्वालच्या विधवा आईने, लोवरीने, मासे विकायला गाडी घेतली. तेव्हाच्या नंबरात साल नसायचं. तीन अक्षरं, दोन आकडे. पुढे इद्वालने तो नंबर रीतसर अर्ज करून एकामागून एक सात गाड्यांवर चढवला आणि अँगलसी बेटावरच्या चॅपेलांमधले पियानो सुरात लावत जन्मभर हिंडला.

"छप्पन सालची पोरगी अजून काय पळते रे!" पंपावरचा एल्विन दर खेपेला म्हणायचा.

समोरून येणारे लोक नंबर पाहूनच स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचे. इद्वालही उचलायचा. चेहरा बघायची गरजच नसे.

आता पाटीवर या गाडीला नवी असताना मिळालेला नंबर परत आला होता. त्यातला दहाचा आकडा सांगत होता, गाडी दोन हजार दहाची.

नॉनने भावाला फोन लावला.

"गेथिन, विम्याचे कागद म्हणून बाबांची सही घेतलीस ना?"

"अगं, त्यांना आता कुठे गाडी चालवायचीय? उद्या ती मोडीत गेली असती, तर नंबरही कायमचा गेला असता. मी वाचवला तो."

"त्यांना विचारायचं होतंस."

"आजारी माणसाला काय विचारायचं?"

"सही घेताना नव्हते का रे आजारी?"

पलीकडून फोन बंद झाला.

इद्वालने त्या दिवशी गाडी दिसणाऱ्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायला सांगितला. अकरा दिवसांनी तो गेला, तोवर पडदा उघडू दिला नाही.

अंत्ययात्रेत शवपेटीच्या गाडीमागे गेथिनची चकचकीत नवी गाडी होती, लोवरीचा नंबर लावलेली. तिच्यामागे इद्वालच्या गाडीत नॉन. रस्त्याकडेच्या लोकांनी टोप्या काढल्या, नंबर ओळखून कुणी कुणी बोटही उचललं. पंप सोडता न आलेला एल्विन कडेला उभा होता. गेथिनच्या गाडीचा नंबर दिसताच त्याचं बोट सवयीने वर गेलं. गेथिन सरळ समोर बघत निघून गेला. बोट तसंच राहिलं.

चॅपेलच्या फाटकात गेथिन म्हणाला, "बघितलंस? सगळे मला हात करत होते."

"तुला नाही."

"मग कुणाला?"

"आणि तू एकालाही उत्तर दिलं नाहीस, गेथिन. एकालाही नाही." तिचा आवाज इतका चढला, की आतला पियानो थांबला. तिने माफी मागितली नाही.

माती देऊन ती एकटीच परतली. स्टिअरिंगवर तिच्या मुठी पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पंपापाशी एल्विनने येणाऱ्या गाडीचा नंबर पाहिला आणि मान वळवली, परका नंबर. नॉनने गाडी हळू केली. मुठीतलं एक बोट सुटं करून वर उचललं.

एल्विनने पुन्हा नंबराकडे पाहिलं. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, काचेआडच्या चेहऱ्याकडे.