दाराशी भरून ठेवलेली बॅग

मित्रांनो, बहुतेक घरांत दाराशी चपला असतात, छत्री असते. आमच्या घरी त्यांच्या शेजारी मी उभी असते, पोट भरून आणि मूठ वर काढून. मी काळ्या कापडाची, दोन चाकांची जुनी बॅग. माझं एक चाक कुरकुरतं, आणि मीही थोडी कुरकुरतेच म्हणा. इतकी वर्षं दाराशी ताटकळून कुणाचा स्वभाव गोड राहील?

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. आम्हां बॅगांना दगडांनी भरायचे आणि उंचावरून खाली टाकायचे. ज्या उसवायच्या त्या बाजूला जायच्या. मी उसवले नाही. माझी मूठ शिवणारी बाई शेजारणीला म्हणाली, "ही टिकेल गं." तेवढ्या एका वाक्यावर मी पुढचे बरेच दिवस काढले.

मला विकत घेतलं ते एका तरुण बाईने. तिला नुकतीच विमान कंपनीत सहवैमानिकाची नोकरी लागली होती. कडक इस्त्रीच्या गणवेशात ती पुढे आणि मागे मी, अशी आमची वरात विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवरून निघाली की लहान मुलं आईचा हात सोडून बघत राहायची. ती बाईकडे बघत असतील, पण मी मात्र ते सगळं स्वतःकडेच लावून घ्यायचे. हॉटेलात पोचलो की ती आधी माझी चाकं पुसायची. किती सुखाचे दिवस होते ते.

मग राखीव ड्युटी आली. नव्या वैमानिकांना ती चुकत नाही. कुणी आजारी पडलं, कुणी कुठे अडकलं, तर ऐनवेळी उभं करायला कंपनी काही वैमानिक राखून ठेवते. त्यांनी ठरलेल्या वेळेत घरी थांबायचं, फोन वाजला की उचलायचा आणि लगेच निघायचं. नाही वाजला, तर न वाजणाऱ्या फोनकडे बघत दिवस काढायचा.

बाईला त्या दिवसांत घास गोड लागायचा नाही. फोन घेऊन ती न्हाणीघरात जायची. राखीव दिवशी केस धुवायची नाही, कारण केसांना फेस असताना फोन आला तर काय, ही धास्ती. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात बसतो, सगळी गल्ली त्याला चष्मेवाला म्हणते. तो म्हणायचा, "या घरात आपण तिघं राहतो. तू, मी आणि तुझा फोन." सुरुवातीला ती हसायची.

मला मोजलं नाही त्याने, ते जाऊ द्या. मला तर कुणी रिकामंही करेना. तोच शर्ट, तीच विजेरी, तोच साबण पोटात घेऊन मी उभी असायचे. चाकात कसलासा दोरा गुंतला आणि ते कुरकुरायला लागलं, तरी खाली वाकून बघायला कुणाला सवड नव्हती.

मित्रांनो, आता जे सांगते ते मला अजून विसरता येत नाही. बाईने आणि चष्मेवाल्याने एक मुलगी दत्तक घ्यायचं ठरवलं होतं. अनाथ मुलांच्या संस्थेत ती राहायची, तिथे सगळे तिला चिंगी म्हणत. चार वर्षांची. न्यायालयाची तारीख पडली, दोघांनी समोर हजर राहायचं होतं. बाईची त्या दिवशी सुट्टी होती. तरी पहाटे फोन वाजला, ती "हो, येते" म्हणाली आणि मला ओढत निघाली. राखीव वैमानिकाला नाही म्हणायची सोयच नसते, असं तिला वाटायचं.

चष्मेवाला एकटाच गेला. न्यायाधीश म्हणाले, पुढच्या तारखेलाही आई आली नाही, तर हे प्रकरण बंद करून मुलीसाठी दुसरं घर बघायला सांगावं लागेल. चिंगी सकाळपासून नवा फ्रॉक घालून बसली होती. संध्याकाळपर्यंत तिने तो कुणाला काढू दिला नाही. परगावच्या हॉटेलात बाईने हे फोनवर ऐकलं आणि जमिनीवर माझ्याशेजारी बसून राहिली.

त्यानंतर वैमानिकांच्या संघटनेने एक सभा बोलावली. विषय एकच होता, कंपनीशी झालेल्या करारातले राखीव ड्युटीचे नियम. मी खोलीच्या कोपऱ्यात इतर बॅगांबरोबर उभी होते. ढगांतून शेकडो माणसं सुखरूप खाली आणणारे हे लोक तिथे गृहपाठ न केलेल्या पोरांसारखे मान खाली घालून बसले होते. करार प्रत्येकाकडे होता, वाचला कुणीच नव्हता. बाईची प्रत तर माझ्याच पुढच्या कप्प्यात होती आणि तिच्यावर साबण ठेवलेला होता.

शिकवायला एक पिकल्या केसांचे कॅप्टन होते. त्यांना कराराचं कलम न् कलम पाठ, म्हणून सगळे त्यांना कलमदादा म्हणत.

"राखीव वेळेत फोन आला की उचलायचा, तिथे सबब नाही," ते म्हणाले. "वेळ संपली की तुमची सुटका. आणि सुट्टीच्या दिवशी काम द्यायचं तर कंपनीने आधी विचारायचं, उद्या तुमची सुट्टी आहे, तरी याल का? असं विचारल्याशिवाय तुमचा होकार धरता येत नाही. तुम्ही 'हो' म्हणालात तरी."

"आणि विचारल्यावर नाही म्हटलं तर?" बाईने विचारलं.

"तर नाही. तो तुझा हक्क आहे, पोरी."

बाईचा चेहरा उतरला. गेल्या खेपेला तिला कुणीही विचारलं नव्हतं, हे तिला तिथे बसल्या बसल्या कळलं. घरी जाताना ती माझी मूठ इतकी घट्ट धरून होती की माझे टाके ताणले.

पुढची तारीख जवळ आली. त्या दिवशी बाईची सुट्टी होती, पण आदल्या दिवशी राखीव ड्युटी होती. दिवसभर फोन गप्प होता आणि त्यामुळे घरात कुणी धड बसलं नाही. चष्मेवाल्याने न्यायालयात घालायचे कपडे दोनदा इस्त्री केले. संध्याकाळी वेळ संपली. बाईने मोठा श्वास सोडला आणि केस धुवायला गेली. तेवढ्यात फोन वाजला.

उचलायची गरज नव्हती, मित्रांनो. वेळ संपून गेली होती. पण भीतीने हाताला वळण लावलेलं असतं. ती निथळत्या केसांनी धावत आली आणि ओल्या हाताने फोन स्पीकरवर टाकला, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं.

"मॅडम, उद्या पहाटेची फेरी तुमच्या नावावर टाकलीये. दोन दिवसांची आहे. वेळेत या," ड्युट्या लावणारा माणूस म्हणाला.

"हो, येते," ती म्हणाली. फोन बंद झाला.

 चष्मेवाला हातात शर्ट घेऊन दारात उभा होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "अगं, त्याने तुला विचारलं का?"

तिने कलमदादांना फोन लावला. त्यांनीही तेच विचारलं. "सुट्टी आहे, याल का, असं म्हणाला? नाही ना? मग लाव त्याला परत फोन आणि सांग."

"दादा, तुम्हीच सांगाल का? मी नवीन आहे. नाही म्हणणारी म्हणून माझ्या नावावर खूण केली तर?"

"मी सांगितलं तर आजचं निभेल. पुढच्या महिन्यात पुन्हा तुझाच फोन वाजणार आहे. तूच बोल. अडवलं, तर मी बसलोय इथे."

ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. केसांतलं पाणी माझ्या झाकणावर टपटपत होतं. मला वाटलं, ही आता उठेल आणि मला ओढत नेईल. माझी मूठ वर होती, मला ती खाली करता आली असती तर मी केली असती. पण तिने फोन लावला.

"उद्या माझी सुट्टी आहे," ती म्हणाली.  "तुम्ही मला विचारलं नाहीत."

"मॅडम, माझ्याकडे माणूसच नाही हो. आत्ता तर हो म्हणालात."

"विचारल्याशिवायचा होकार धरता येत नाही. करारात आहे. तुम्ही आता विचारा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग तो माणूस थकल्या आवाजात म्हणाला, "उद्या तुमची सुट्टी आहे. तरी याल का?"

"नाही," बाई म्हणाली. "उद्या मला मुलगी आणायची आहे."

"बरं. दुसरं कुणीतरी बघतो." फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "आणा मॅडम."

तरी सकाळपर्यंत कुणाला विश्वास वाटेना. पहाटे चष्मेवाला माझ्यापाशी आला आणि त्याने मला पलंगावर उपडं केलं. शर्ट, विजेरी, साबण, करार, सगळं बाहेर. माझं धाबं दणाणलं. मला वाटलं, आता नवी बॅग येणार आणि माझी रवानगी माळ्यावर. मला तसंच रिकामं घेऊन ते न्यायालयात गेले. बाकाखाली मी श्वास रोखून होते. न्यायाधीशांनी बाईला दोन-चार प्रश्न विचारले, तिने रडत उत्तरं दिली, आणि त्यांनी सही केली.

तिथून आम्ही संस्थेत गेलो. चिंगी तोच फ्रॉक घालून पायरीवर बसली होती. माझ्या पोटात तिचे कपडे आले, एक निळा पेला आला, एकाच पायाचा बूट आला, कारण दुसरा सापडेना. आजवर मी घरातून माणूस घेऊन जात आले होते. घरी माणूस आणायची ही माझी पहिलीच वेळ.

फाटकाशी माझं चाक कुरकुरलं. चिंगी खाली बसली आणि इवल्या नखांनी तो जुना दोरा ओढून काढला. मग तिने माझी मूठ धरली. पण ओढलं नाही. माझ्याकडे वाकून म्हणाली, "आमच्या घरी येतेस का?"

तोवर मला हे कुणीच विचारलं नव्हतं. मी कुरकुर न करता तिच्या मागे गेले.

राखीव दिवशी मी आजही भरून दाराशी उभी असते. फोन वाजतो, बाई जाते, चिंगी खिडकीतून हात हलवते. काम काही कुणाला चुकलं नाही. पण सुट्टीच्या आदल्या दिवशी मला रिकामं करून पलंगाखाली ठेवतात, आणि त्या दिवशी बाई निवांत केस धुते. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर अधूनमधून खाली वाकून त्याच्या चाकातला दोरा काढा. आणि ओढत नेण्याआधी त्याला एकदा विचारा.