भरायचा बोल्ट

मिस्त्रीने बॉनेट खाली आपटलं, फडक्याला हात पुसले आणि निकाल दिला. "गिअरबॉक्सच्या तेलाला हात लावू नका. इतकी वर्षं कुणी बदललेलं नाही. आता बदललंत की गिअरबॉक्स बसलाच म्हणून समजा."

"आणि नाही बदललं तर?" कुंडीवालीने विचारलं.

"तर हळूहळू बसेल."

"म्हणजे दोन्हीकडून बसणारच. मग मी काहीतरी करून का बसवू नये?"

मिस्त्री हसला. माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. "चालतेय तोवर चालवा, ताई. नाहीतर विकून मोकळ्या व्हा."

हे वाक्य तिच्या मोठ्या भावाच्या कानावर गेलं आणि दादाने ते लगेच उचलून धरलं.

कुंडीवाली हे काही तिचं नाव नव्हतं. पण ती कार्यालयांत, बँकांत, दवाखान्यांत भाड्याने झाडं ठेवायची. सुकलेली कुंडी उचलायची, टवटवीत आणून ठेवायची. फाटकावरचा पहारेकरी आत ओरडायचा, "कुंडीवाली आली!" तेच नाव चिकटलं. शिडीवरून पडल्यापासून तिचा डावा गुडघा वाकत नव्हता. पाय काठीसारखा सरळ. क्लच दाबणं तेव्हाच संपलं. म्हणून तिने शोधून शोधून ही जुनी, क्लच नसलेली, गिअर आपोआप बदलणारी पिकअप मिळवली होती. डावा पाय लांब करून बसायचं, उजव्याने गाडी हाकायची. ही गाडी गेली तर धंदा गेला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि अलीकडे गाडीला खोड लागली होती. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी विचार करत बसायची. मग एक धक्का देऊन निघायची.

दादाने सगळी सोय लावून ठेवली होती. त्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. "माझ्या गल्ल्यावर बस, चिमे," तो म्हणायचा. "डोक्यावर पंखा, खाली गुबगुबीत खुर्ची. पायाला आराम. तुला अजून काय हवंय?"

"ऊन," ती म्हणायची.

त्याचं प्रेम खरं होतं, म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड होतं. सुट्टीच्या दिवशी दुपारी तो गाड्यांच्या दलालाला घेऊन येणार होता. येण्याआधी विचारायची त्याला गरज वाटली नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच तिने गाडी अंगणातल्या सपाट फरशीवर घेतली. चारही चाकांना विटांची अडण लावली. इंजिन थोडा वेळ चालवून तेल कोमट केलं, बंद केलं आणि पुठ्ठा अंथरून ती पाठीवर सरकत गाडीखाली गेली. पिकअप उंच, बाई शिडशिडीत.

"पाय आखडेल तुझा," आप्पा खुर्चीतून म्हणाले. तिचे वडील. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले.

"आडवं झाल्यावर गुडघ्याला काही काम नसतं, आप्पा. इथे मी तुमच्याएवढीच धडधाकट."

"माझं ऐक. ही गाडीच नव्हे. गिअर न टाकता गाडी चालवायची म्हणजे न चावता जेवायचं."

"मग ते तुमच्याइतकं कुणाला जमतं?"

आप्पांनी कवळी सांभाळत नाक मुरडलं.

तिने खालचा बोल्ट सोडला. तेल घमेल्यात पडलं. लाल असायला हवं ते काळं होतं, आणि त्याला करपलेल्या भांड्याचा वास येत होता. मग तिने एकेक बोल्ट सोडवत तेलाची उथळ परात खाली उतरवली. परातीच्या तळाला लोहचुंबक चिकटलेलं असतं. झिजलेलं लोखंड त्याच्यावर गोळा होतं. तिथे काय सापडतं, त्यावर सगळं अवलंबून होतं.

"तुकडे आहेत का?" आप्पा खुर्चीतून पुढे झुकले होते. "कणी, कपची, काही?"

तिने चुंबकावरचा करडा लगदा बोटांत घेऊन चोळला. मग हात बाहेर काढून आप्पांपुढे धरला. त्यांनीही चोळून बघितलं. डोळे मिटून, जणू पीठ किती बारीक दळलंय ते बघत होते.

"लोणी आहे," ते म्हणाले. त्यांना ते कबूल करायला आवडलं नसावं. "झीज आहे. मोडतोड नाही."

"मग मेलेली नाही ना?"

"मेलेली नाही. आजारी आहे."

तिने परात पुसून लख्ख केली, नवी गाळणी बसवली, कडेला नवं पॅकिंग लावलं, बोल्ट आवळले. निघालेलं तेल रिकाम्या डब्यांत ओतून किती होतं ते बघून ठेवलं, कारण तेवढंच परत भरायचं होतं. भरायचा बोल्ट गिअरबॉक्सच्या कुशीत, वरच्या अंगाला होता. तिने पाना लावला. बोल्ट हलला नाही. गंज सोडवणारा फवारा मारला, वाट पाहिली, पान्यावर लोखंडी नळी चढवून जोर केला. पाना सटकला. बोल्टाचे कोपरे गुळगुळीत झाले.

ती तशीच पडून राहिली. कुणीही शहाणा माणूस आधी भरायचा बोल्ट सुटतो का ते बघतो आणि मगच तेल काढतो. तिने ते वाचलंही होतं. पण दादा यायच्या आत काम उरकायच्या घाईत तिने नेमकं उलटं केलं होतं. आता गिअरबॉक्स रिकामा, आणि तेल आत घालायचं दार बंद. गाडी जागची हलणार नव्हती.

नेमकी तेव्हाच फाटकाची कडी वाजली.

दलाल गुडघ्यांवर हात ठेवून वाकला, घमेलं बघितलं, बोल्ट बघितला. "रिकामी केलीत? मग आता ही गाडी नाही, ताई. पत्रा आहे. पत्र्याचा भाव देतो."

"तुमच्याकडे भाव मागितला कुणी?" गाडीखालून आवाज आला.

"चिमे, बाहेर ये," दादा म्हणाला. तो चिडला नव्हता, आणि ते जास्त बोचत होतं. "झालं ना तुझ्या मनासारखं? मिस्त्री सांगत होता, हात लावू नकोस. आता तरी ऐक. टोचन लावून नेतील गाडी. उद्यापासून दुकानात ये."

ती सरकत बाहेर आली. बंपरला धरून उभी राहिली. गालावर तेलाचा पट्टा. "चूक झाली माझी," ती म्हणाली. "बोल्ट आधी बघायला हवा होता. पण माझी चूक आहे, मीच निस्तरीन. त्यासाठी मला तुझ्या गल्ल्यावर बसायची शिक्षा नको."

"शिक्षा? मी तुला शिक्षा देतोय?"

"खुर्ची गुबगुबीत असली म्हणून काय झालं?"

दलालाने घड्याळ बघितलं, मग खुर्ची ओढून बसला. तमाशा फुकट होता.

ती बॉनेट उघडून उभी राहिली. समोर रेडिएटर. गिअरबॉक्समधून दोन नळ्या तिथे येत होत्या. एक गरम तेल आणते, दुसरी थंड झालेलं परत नेते. ती बराच वेळ त्या दुसऱ्या नळीकडे बघत राहिली.

"आप्पा, जे तेल थंड व्हायला बाहेर येतं, ते परत आत जातंच ना?"

"जाणार नाही तर काय बाहेर फिरायला जाईल?"

"मग दार आहे की."

परतीची नळी कोणती ते गाडीच्या पुस्तकातल्या चित्रात होतं. तिने ती रेडिएटरपासून सोडवली, तिच्या तोंडात कोरी पारदर्शक नळी घट्ट बसवली, वरच्या टोकाला नवं नरसाळं. उंचावरून ओतलं की तेल आपल्या वजनाने आत उतरणार. हळूहळू, पण उतरणार. आप्पा न सांगता उठले आणि नरसाळं डोक्याच्याही वर धरून उभे राहिले. तिने लाल तेल ओतायला सुरुवात केली. तेल मुंगीच्या पावलांनी उतरत होतं.

"बसमध्ये उभ्या प्रवाशांना काय वाटत असेल ते आज कळलं," आप्पा पुटपुटले. नरसाळं हळूहळू खाली यायला लागलं.

"द्या इकडे," दादा म्हणाला. त्याने बाह्या सरसावल्या. पांढऱ्या शर्टावर पहिला लाल थेंब पडला तेव्हा त्याने तोंड वाकडं केलं, पण हात खाली आणला नाही.

निघालं होतं तेवढं तेल, आणि वर थोडं, आत गेलं. तिने नळी होती तशी जोडली. "आता आत बस," ती दादाला म्हणाली. "इंजिन चालू कर. उजवा पाय ब्रेकवर. मी सांगेन तसा दांडा एकेका घरात न्यायचा, थोडं थांबायचं, परत पहिल्या, गाडी उभी ठेवायच्या घरात."

दादाने इंजिन चालू केलं. दांडा सरकवताना त्याचा डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला, आणि तिथे क्लच नसल्यामुळे सगळा जोर ब्रेकच्या रुंद पट्टीवर, उजव्या पायाशेजारी पडला. आतल्या आत दोन्ही पायांची झटापट झाली.

"डावा पाय काढ तिथून!"

"काढतो गं. पण मग त्याचं करू काय?"

"काही करायचं नाही. माझ्यासारखा लांब करून ठेव. आणि तसाच राहू दे."

दादाने पाय लांब केला. दांडा सरकवला, थांबला, परत आणला. पुन्हा एकदा पाय वळवळला, पुन्हा त्याने तो सरळ केला. मग खिडकीतून बाहेर न बघता म्हणाला, "दिवसभर असा ठेवतेस?"

"दिवसभर. आणि कुंड्याही उचलते. दांडा पहिल्या घरात आला? हँडब्रेक ओढ. आता उतरायचं नाही, कशाला हात लावायचा नाही."

ती पुन्हा गाडीखाली गेली. तेल तापलं तेव्हा परातीखालचा, जादा तेल बाहेर सोडणारा छोटा स्क्रू सोडला. लाल धार लागली. बारीक झाली. मग तुटून थेंब पडायला लागले. पातळी बरोबर होती. तिने स्क्रू आवळला. भरायचा बोल्ट गुळगुळीत डोक्याने वरून बघत होता. "बस तिथेच," ती त्याला म्हणाली.

विटा काढून तिने गाडी रस्त्यावर घेतली. दादा शेजारी बसला. पहिला, दुसरा. मग तो क्षण. इंजिनचा आवाज जरासा चढला, गाडीने हलकीशी उचकी दिली आणि तिसरा लागला. ओरडणं नाही, विचार करत बसणं नाही.

"गेला धक्का!" दादा म्हणाला.

"पूर्ण नाही गेला. थोडा आहे." तिने खोटं बोलायला साफ नकार दिला, स्वतःशीही. "दर वर्षी तेल बदलावं लागेल. कदाचित तरीही एक दिवस बसेल."

"मग?"

"मग बसेल. मी नाही बसणार."

अंगणात परतल्यावर दलाल उठून उभा राहिला. "चालती आहे म्हणजे भाव वेगळा होईल, ताई. बोला."

"विकायची नाही."

"आज नाही तर..."

"उद्याही नाही. फाटकाची कडी नीट लावून घ्या, कुत्रं आत येतं."

दलाल दादाकडे बघत थोडा रेंगाळला. दादाने नकारार्थी मान हलवली. दलाल गेला.

दादा आपल्या शर्टावरचे डाग न्याहाळत होता. "मी मात्र दुकानात सगळ्यांना सांगून बसलो होतो, उद्यापासून बहीण येणार म्हणून."

"पाटी लाव. माणूस पाहिजे."

"फार तोंड झालंय तुला."

"तोंड पहिल्यापासूनच होतं. आता जरा बाजूला हो, मला उद्याचा माल भरायचाय."

तिने मागची फळी पाडली आणि भिंतीकडची मोठी कुंडी दोन्ही हातांनी कवेत घेतली, सरळ पाय बाजूला टाकत, तिच्या ठरलेल्या पद्धतीने. दादा क्षणभर बघत उभा राहिला. मग त्याने शेजारची कुंडी झाडाच्या खोडाला धरून उचलली.

"अरे, खोडाला नको धरू!" ती ओरडली. "कुंडीला धर!"