शेवयांचा हात

सितारामने बोकडाचं आतडं काठीवर उलटं केलं, हळद-मिठाच्या पाण्यात खळबळून घेतलं आणि नरसाळ्याच्या तोंडावर चढवलं. अंगणात तीन दगडांवर जुन्या खिडकीची लोखंडी जाळी ठेवलेली होती. तिच्याखाली कडूबाई बाभळीचे निखारे सारखे करत होती. मटण या घरात आतल्या चुलीवर कधी चढलं नव्हतं. त्याची परातसुद्धा गोठ्यात पालथी असायची.

"याला रस्सा न्हाई?" बाजेवरून तात्यारावांनी विचारलं.

"न्हाई. नुसतं भाजायचं. तिकडं पावासंगं खातात," सिताराम म्हणाला.

"मग भाकरी कशात बुडवायची?"

तात्याराव वालूरचे कापसाचे व्यापारी, मुलीचे चुलते. पुतणीचं लग्न सितारामशी ठरल्यातच जमा होतं. आज ते शेवटचा शब्द द्यायला इथे झरीला आले होते. कडूबाईने साधा मटण-भाकरीचा बेत धरला होता. पण परदेशातून आल्यापासून नुसता झोपून असलेला हा भाऊ सकाळी आपणहून उठला, खाटकाकडून मटण आणि आतडं घेऊन आला आणि म्हणाला, अक्का, आज मी करतो, जर्मनीतलं.

कडूबाईला बरंच वाटलं होतं. तिच्या अंगात आता त्राण उरलं नव्हतं. आई गेल्यावर या पोराला तिनेच वाढवलं होतं, आणि नवरा गेल्यावर ती याच घरात परत आली होती. सिताराम परदेशी गेला तेव्हा त्याने एवढंच कळवलं होतं, की कंपनीत मशीनवर काम मिळालंय. पुढची बढती कडूबाईने दिली. आधी त्याला फोरमन केलं, मग पाणवठ्यावर कोणीतरी नाक मुरडलं तसं इंजिनेर करून टाकलं. गाव त्याला इंजिनेर म्हणायला लागलं आणि वालूरचं स्थळ सांगून आलं.

सिताराम खिमा आतड्यात भरत गेला. लांबलचक नळी परातीत वेटोळं घालून पडली. मग त्याने चिमटीत दाबून तिला पीळ दिला, एक पुढे, एक मागे. सारख्या मापाच्या कांड्या झरझर पडायला लागल्या. दोरा नाही, की गाठ नाही. आणि हे चालू असताना तो परातीकडे बघतही नव्हता. तात्यारावांना तिकडच्या थंडीचं सांगत होता.

कडूबाईचा निखाऱ्यावरचा हात थांबला. आयुष्यभर तिने शेवया वळल्या होत्या. न बघता चालणारा हात कसा होतो, किती वर्षांनी होतो, हे तिला कोणी सांगायला नको होतं. त्याच्या बोटांच्या पेरांवर भेगा होत्या, अंगठ्याजवळ सुरीचे जुने वण होते. पंधरवडाभर तिने त्याला वाढलं, पण हात काही पाहिले नव्हते. मशीन होतं, कंपनीही होती, पण काम खाटकाचं होतं. हे वालूरात कळलं तर पोरगी कोण देणार?

तात्यारावांचीही नजर त्या हातांवर गेली होती. कापसात हात घालून प्रत सांगणारा माणूस तो.

"पाव्हणं, हात लय बसलाय की या कामात."

सितारामने मान वर केली. तोंड उघडलं. तेवढ्यात कडूबाई बोलून मोकळी झाली.

"बसणारच की. आई गेल्यावर माझ्याच मांडीला मांडी लावून शेवया वळायचा. पोरगी म्हणून चिडवायची सारी आळी."

तात्याराव खळखळून हसले. "असं हाय व्हय!" म्हणत ते हात धुवायला रांजणाकडे गेले.

संकट टळलं होतं. कडूबाईने भावाकडे पाहिलं. त्याने सुटल्यासारखं हसावं, एवढीच तिची अपेक्षा होती. पण तो परातीजवळ हात लोंबते सोडून बसला होता. उघडलेलं तोंड त्याने मिटून घेतलं होतं. इतका थकलेला तो आल्या दिवशीही दिसला नव्हता.

तेव्हा तिला कळलं. स्वतः उठून खाटकाकडे जाणं, नेमका आजचा दिवस, नेमका हाच पदार्थ. त्याला बोलून सांगवत नव्हतं म्हणून तो करून दाखवत होता. आणि दार उघडलं तसं तिनेच ते पुन्हा लावून घेतलं होतं.

जाळीवर चरबी ठिबकून धूर झाला. तात्याराव धोतराला हात पुसत परत आले.

"तात्याराव, बसा जरा," कडूबाई म्हणाली. "शेवयाचं खोटं हाय."

ते बसले. हसू अजून चेहऱ्यावर तसंच होतं.

"मग खरं काय?"

कडूबाईने परात सितारामकडे सरकवली आणि पदराने डोळ्यांतला धूर पुसला.

"तूच सांग, बाबा. मी सांगायला बसले तर परत इंजिनेर करीन तुला."