व्हर्नाच्या हाताला पेलेल असे काडतूस

मित्रांनो, मी करंगळीच्या दोन पेरांएवढी आहे, पितळेची आहे आणि आतून पोकळ आहे. काडतुसातली गोळी उडून गेली, दारू जळून गेली की मागे जे उरते ना, ती मी. लोक मला पुंगळी म्हणतात. गोळीचे नाव होते, बंदुकीचे नाव होते, पुंगळी मात्र बुटाखाली येते. माझे नशीब जरा वेगळे निघाले.

माझा जन्म कारखान्यात झाला. पितळेच्या पत्र्याच्या चकत्या कापून, यंत्राने दाबून, ताणून आम्हा बहिणींना घडवले. तेव्हा मी इतकी लखलखीत होते की शेजारणीचे तोंड माझ्यात दिसायचे. बुडाशी ठिणगी पाडणारी टिकली बसली, पोटात दारू आली, तोंडाशी शिशाची गोळी आली आणि पेटीत बसून मी अमेरिकेतल्या मोंटानाच्या डोंगरांत एनार स्कोगलंडच्या घरी आले.

एनार आणि त्याची बायको व्हर्ना दर उन्हाळ्यात शिखरावरच्या टेहळणीच्या खोलीत राहायची. चारी बाजूंना काचा. रानात कुठे धूर दिसला की वायरलेसवरून खाली वनखात्याला कळवायचे, हे त्यांचे काम. त्या उतारांवर मोठी तपकिरी अस्वले फिरत, म्हणून एनारच्या कमरेला जड रिव्हॉल्व्हर असे आणि रिव्हॉल्व्हरमध्ये आम्ही.

पहिल्यांदा चाप ओढला गेला ते मला अजून स्वप्नासारखे आठवते. लख्ख उजेड, अंगभर ऊब आणि मग लांबच लांब शांतता. मला वाटले, संपले. पण एनार पुंगळ्या फेकून देणारा नव्हता. तळघरात तो आम्हाला अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्यात घोळवून घासायचा, नवी टिकली, नवी दारू, नवी गोळी भरायचा आणि मी पुन्हा जागी व्हायचे. असे किती जन्म झाले, मी मोजलेच नाहीत. दारू मात्र तो झेपेल तितकी जास्तीत जास्त भरायचा. "अस्वलाला गुदगुल्या नाही करायच्या मला," म्हणायचा. बार उडाला की दरीपलीकडची हरणे उधळायची आणि एनारची मान ताठ व्हायची. त्या तोऱ्यातला थोडा वाटा मीही घ्यायचे, खोटे कशाला बोलू!

त्या धक्क्यांनी माझ्या तोंडाशी एक बारीक चीर पडली. एनारने मला दिव्यापुढे धरले, "ही गेली कामातून," म्हणाला आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकले. डब्यात वाकडे खिळे होते, गंजके स्क्रू होते. मी झोपून राहिले. झोपेत मला शिखर दिसे, खिडकीखालून चाललेले ढग दिसत. फार वाईट वाटायचे.

एका वसंतात वरच्या मजल्यावर भांडण ऐकू आले.

"गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तुझं. यंदा वर चढायचं नावसुद्धा काढू नकोस," व्हर्ना म्हणत होती.

"मग कुणीच जायचं नाही."

"मी जाणार. एकटी. पुढच्या वर्षी ती खोली कायमची बंद करतायत, एनार. शेवटचा उन्हाळा आहे. तो मी इथं भांडी विसळत घालवू?"

"आणि अस्वल आलं म्हणजे?"

"मिरचीचा फवारा आहे की माझ्याकडे."

"वारा उलटा असला तर तो जाईल तुझ्याच डोळ्यांत!" मग एनारचा आवाज एकदम उतरला. "तू वर, मी खाली. मला घास तरी गिळवेल का, सांग."

शेवटी तडजोड झाली. परसात दहा पावलांवर पत्र्याची थाळी टांगायची. एनारच्या रिव्हॉल्व्हरमधून व्हर्नाने त्या थाळीवर लागोपाठ पाच गोळ्या अचूक मारल्या, तर तो अडवणार नाही. मुदत घाटातला बर्फ वितळेपर्यंत.

उडवलेल्या पुंगळ्या गोळा करायला एनारने माझाच डबा परसात आणला, म्हणून मी सगळे पाहिले. पहिल्या दिवशी त्याने तिला आपली नेहमीची जबरदस्त काडतुसे दिली. बार उडाला, नळी उसळून व्हर्नाच्या टोपीला लागली आणि थाळी जागची हललीसुद्धा नाही. तिचा तळवा लाल झाला होता.

"दारू कमी कर," ती म्हणाली.

"म्हणजे अस्वलाला सांगायचं का, 'जरा हलकं आहे, सांभाळून घ्या'?"

"आणि तू काय सांगणार? 'गोळी फार जोरकस होती हो, फक्त झाडाला लागली'?"

एनार कुरकुरत तळघरात गेला. दारू कमी केली, गोळी मात्र तीच जड, कडक शिशाची ठेवली. हळू जाईल, पण खोल जाईल, असा त्याचा हिशोब. आता व्हर्नाचा हात दुखेना. तरी गोळ्या थाळीच्या अलीकडे मातीतच शिरत होत्या.

"तुझी बंदूकच वाकडी आहे," ती वैतागून म्हणाली.

एनारने हनुवटी खाजवली, डब्यात हात घातला आणि मला बाहेर काढले. माझा तर विश्वासच बसेना! पाठ फिरवून त्याने पाच भरलेली काडतुसे आणि त्यांच्यात रिकामी मी, असे रिव्हॉल्व्हरचे सहा घरांचे फिरते चक्र भरले व ते तिच्या हाती दिले. दोन बार उडाले. तिसऱ्या खेपेला रिव्हॉल्व्हरचा घोडा माझ्यावर पडला. टक्. आवाज नाही, धक्का नाही, तरी नळी झपकन खाली झुकली.

"गोळी नव्हतीच, व्हर्ना. मग नळी कुणी ओढली?"

व्हर्नाने आपल्या हाताकडे पाहिले. "मी बार उडायच्या आधीच दचकते," ती हळूच म्हणाली. "त्या पहिल्या दिवसापासून." मग तिने डोळे बारीक केले. "आता तू. तुझ्या त्या जबरदस्त काडतुसांनी."

तिनेही पाठ फिरवून चक्र भरले, त्यात मी होतेच. एनारने ऐटीत रिव्हॉल्व्हर रोखले. पहिल्याच खेपेला टक्, आणि नळी व्हर्नापेक्षाही खाली!

"अस्वलाला मुजरा केलास की रे!" व्हर्ना हसून हसून कुंपणाला टेकली. एनारचे कान लाल झाले. त्या दिवसापासून त्याने स्वतःच्या काडतुसांतलीही दारू उतरवली.

मग रोज सकाळी मी चक्रातल्या वेगवेगळ्या घरांत बसू लागले. घोडा पडला की नळी किती हलते, एवढेच मी दाखवायचे. आधी पुष्कळ हलायची. मग थोडी.

घाटातला बर्फ वितळला. व्हर्नाने कानांत बोळे घातले आणि नेम धरला. थाळी एकदा वाजली, दोनदा, तीनदा, चारदा, पाचदा. शर्त पुरी झाली होती. सहाव्या घरात एनारने तिला न सांगता मला ठेवले होते. तिने चाप ओढला. टक्. नळी थाळीकडे रोखलेली, तशीच राहिली. केसभरही हलली नाही.

"लबाडा," व्हर्ना म्हणाली.

"जा," एनार म्हणाला. त्याने मला चक्रातून काढून खिशात टाकले. "कॉफी जास्त ने."

मित्रांनो, रानात माझ्यासारखी एखादी दिसली तर हात लावू नका, मोठ्या माणसांना हाक मारा. भरलेली की रिकामी हे लांबून कळत नाही. आणि कुणाच्या हाती काही द्याल, तेव्हा आधी तो हात बघा. हे शिकायला एनारला अर्धे आयुष्य लागले, तुम्हाला तितके लागू नये.

आता व्हर्ना वर आहे. मी एनारच्या शर्टाच्या खिशात असते. संध्याकाळी तो वायरलेसपाशी बसतो आणि मला मुठीत घट्ट धरतो. खरखर होते, मग तिचा आवाज येतो, "धूर नाही. अस्वल नाही. तू जेवलास का?" मूठ सैल होते. तेव्हा कुठे मलाही झोप येते.